बाबांच्या डब्यातली गोळी

ती. आई-बाबांस,
सा. न.

हे फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. पण आईने "जेवलीस का?" विचारलं की पुढचं बोलवतच नाही. म्हणून लिहिते.

आई, दहावीत माझी मान काळी पडायला लागली, तेव्हा तू दर रविवारी डाळीचं पीठ आणि लिंबू लावून घासायचीस. कातडी हुळहुळायची, काळेपणा जात नव्हता. तो मळ नव्हता गं. रक्तात इन्सुलिन, म्हणजे साखर पेशींत पोचवणारं हार्मोन, फार वाढलं की मानेवर, काखेत कातडी अशी जाड, काळपट होते. म्हणजे तेरा वर्षं खूण मानेवरच होती.

मला पीसीओएस, म्हणजे बीजकोशांचा आणि हार्मोन्सचा विकार आहे, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. घरात त्याचा अर्थ "लग्न झालं की पाळी सुरळीत होईल" एवढाच झाला. खरं असं आहे की माझ्या शरीरात इन्सुलिन भरपूर तयार होतं, पण पेशी त्याला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी सोडतं. ते जादा इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, ते त्यामुळे. माझी उपाशीपोटी साखर ९२ यायची आणि सगळे म्हणायचे, बारीक तर आहे, हिला काय होतंय! यंदा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासली, तर १६४. ती १४० च्या आत हवी.

आता जे सांगायला धीर होत नव्हता ते. गेल्या पावसाळ्यात मी कित्येक दिवस अंघोळ केली नाही. रजा टाकून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बाबा, तुम्ही त्याला आळस म्हणालात. ते नैराश्य होतं. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये ते इतरांपेक्षा खूप जास्त आढळतं, आणि केस, वजन, मूल होण्याची काळजी एवढंच त्याचं कारण नसतं. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीराशीही त्याचा संबंध दिसतो. मन खचलं की चालणं सुटतं, झोप बिघडते, गोड खाल्लं जातं, आणि इन्सुलिनचा घोळ वाढतो. पीसीओएस असलेल्या प्रत्येक बाईला नैराश्याबद्दल विचारावं, असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे. माझं निदान होऊन सहा वर्षं झाली. मला पहिल्यांदा विचारलं ते यंदा.

बाबा, तुमच्या डब्यातली मेटफॉर्मिन, ती साखरेची गोळी, आता माझ्याही डब्यात आहे; पेशींनी इन्सुलिनला नीट दाद द्यावी म्हणून. तुम्हाला साखर निघाली तेव्हा आईने भात कमी केला, दादाने चालायचे बूट आणले, कुणी तुम्हाला बोल लावला नाही. मला तेवढंच हवंय. शेजारी मनाच्या डॉक्टरांची गोळीही आहे. स्थळ सांगून आलं तर यातलं काही लपवू नका. लपवून जमलेलं लग्न मला नको.

आणि आई, परवाच्या फोटोत दादाच्या लेकीची, सईची मान दिसली, माझ्यासारखीच काळपट. ती घासू नकोस. तिला दवाखान्यात ने, आणि घरी आल्यावर जवळ घेऊन विचार, तिला कसं वाटतंय ते.

तुमची,
माई