रेणू, भिंग जरा बाजूला ठेव

अंबड

चि. रेणूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर गूल्डचं ते जुनं छापील पक्षीचित्र घेतल्याचं सांगितलंस, ‘दोन महिन्यांचा पगार एका कागदावर?’ असं मी म्हणालो आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून आई माझ्याशी मोजकंच बोलते. “लेकरू स्वतःच्या पैशाचं घेतंय, तुम्हाला कामून त्रास?” म्हणते. पैशाचं आता काढणार नाही.

पण नीट पाहून घेतलंस ना? गूल्डच्या नावावर नवी छपाई पुष्कळ खपवतात. भिंगाखाली रंगात ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती अलीकडची समज. जुन्या लिथोग्राफची, म्हणजे शिळाछापाची, रेघ दगडावरून आलेली असते, खडूची खरखर तिच्यात कळते; रंग माणसं हातानं भरत. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, आम्लरहित घे, कागद काचेला टेकू देऊ नको, सेलोटेप तर नकोच. कसर लागते, म्हणून मागची बाजू अधूनमधून बघत जा. आणि उन्हाच्या भिंतीवर लावू नको, जलरंग उडतात. झालं, माझा तास सुरू! निवृत्त झालो तरी सवय जात नाही. राग मानू नको.

भिंगाचं निघालं म्हणून विचारतो, रात्री किती वेळ बसतेस ते लावून?

तू पाठवलेला त्या चित्राचा, हिमालयातल्या मोनाल पक्ष्याचा, फोटो मी मोठा करून करून पाहिला. एलिझाबेथ गूल्डनं हिमालय कधी पाहिला नव्हता. लंडनला आलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांवरून, 1831 च्या आसपास, तिनं ते पक्षी दगडावर उतरवले. 80 प्लेटा, म्हणजे पानभर चित्रं! नाव मोठं झालं ते नवऱ्याचं, जॉन गूल्डचं. 1841 मध्ये बाळंतपणानंतर ती गेली, वय अवघं 37. म्हणून सांगतो, चित्राखाली सही ठळक करत जा. त्या कॅलेंडरवाल्यांनी तुझं नाव गाळलं ते मी अजून विसरलेलो नाही.

खरं सांगू, तुझ्या चित्रातला पट्टकादंब हंस मला तिच्या मोनालपेक्षा जास्त जिवंत वाटतो. तू तो नाथसागरावर चरताना पाहिलाय. दुसरीत होतीस. थंडीत स्कूटरवर पुढं उभी राहून आलीस, आणि दिवसभर एकच धोशा, “बाबा, डोक्यावर पट्टे दोनच का?” घरी येऊन इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या कोऱ्या कागदांवर सगळे हंस काढलेस, डोळे मात्र ठेवलेस रिकामे. म्हणालीस, डोळा शेवटी. मी तुला शिकवलं नव्हतं ते. वर्गात इतकी वर्षं सांगूनही पोरं आधी डोळा काढून मोकळी व्हायची.

मूळ मुद्दा लांबतोय. जालन्याला डोळे दाखवले. दाराच्या डाव्या बाजूच्या चौकटीला सारखा धडकायला लागलो होतो. काचबिंदू निघाला. रोज थेंब टाकायचे, आयुष्यभर. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायची. अण्णांचं शेवटी काय झालं ते तुला आठवतंच. त्यांच्या वेळी नाव कुणी घेतलं नव्हतं, एवढंच.

डॉक्टर म्हणाले, बारीक कामानं हा होत नाही, पण घरात चालत येतो. मुलांना, भावंडांना तपासायला लावा. पहिला भाग आईला पटला. मला अजून पटलेला नाही, तरी त्यावर भांडणार नाही. दुसऱ्या भागावर भांडेन. दुखत नाही, लाल होत नाही, आणि कडेचं दिसणं कमी होत जातं तरी कळत नाही. पंखाचं एकेक पीस मोजून सांगणारी तू, ‘मला सगळं स्वच्छ दिसतं’ म्हणशील, ते मी ऐकणार नाही.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून येऊ नको. डोळ्याचा दाब आणि आतली नस, दोन्ही तपासायला सांग. या महिन्यातच. रिपोर्टचा फोटो पाठव, आणि फ्रेम झाली की मोनालचाही.

तुझा,
बाबा

ता. क. दादालाही सांगितलं. ‘बघू’ म्हणाला. तो तुझंच ऐकतो, जरा मागं लाग त्याच्या.