नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

संपादक महोदय,

सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म भरला की फ्लॅटचा प्रश्न मिटला, अशी समजूत घरोघरी आहे. ती चुकीची आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम १५४ब-१३ नॉमिनीला तात्पुरता सभासद मानते; मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्कानेच ठरते. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले.

मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. कोरा कागद चालतो. अडते ते साक्षीदारांपाशी. दोन साक्षीदार हवेत आणि दोघांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले हवे, किंवा ही सही आपलीच असे त्याने त्यांना सांगितलेले हवे. 'कागद ठेवून जा, संध्याकाळी शेजारच्या काकांची सही घेतो' हा प्रकार पुढे कोर्टात महागात पडतो. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, पण सज्ञान निवडा; ऐंशीच्या मित्राला साक्षीला शोधणार कुठे? ज्याला मिळकत द्यायची, तो साक्षीदार नकोच. प्रत्येक पानावर सही, खाली तारीख आणि आजारपण असेल तर त्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

'माझी सर्व मिळकत' एवढ्यावर भागवू नका. गट नंबर, फ्लॅट नंबर, डीमॅट खाते लिहा. उरलेल्या, नजरचुकीने राहिलेल्या मिळकतीसाठी वेगळे वाक्य हवेच. वडिलोपार्जित शेतीत मात्र फक्त आपला हिस्सा देता येतो. २००५ पासून मुलीही सहहिस्सेदार आहेत, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

— एक वकील, पुणे