देवगडहून पिंजऱ्याची खबर

देवगड,
15 जानेवारी

प्रिय सुध्या,

फोनवर तू "शेवंड लागली का?" एवढंच विचारतोस. लागली. पण तेवढ्यावर तू शेवंडीसाठी, म्हणजे लॉबस्टरसाठी, बनवलेला नवा पिंजरा पास म्हणता येत नाही, म्हणून हे लांबण.

आधी चाचणी कशी लावली ते. बाजूला तोंड असलेले जुने पिंजरे आणि तुझे वरून तोंड असलेले, एकाच दोरीवर एकआड एक. खडपाच्या, म्हणजे पाण्याखालच्या खडकाच्या कडेला, सात-आठ वाव (चाळीस-पन्नास फूट) पाण्यात. आमिष सगळ्यांत सारखंच, तारली मासे आणि फोडलेली शिनाणी (शिंपल्यांतली). दिवस कलल्यावर सोडायचे आणि सकाळी ओढायचे, कारण शेवंड दिवसभर कपारीत बसते नि अंधार पडला की चरायला निघते. पुढच्या खेपेला जागांची अदलाबदल. एखादी कपारच अशी भरलेली असते की तिथे फुटकी बादली ठेवलीस तरी शेवंड येईल, आणि शाबासकी आपण पिंजऱ्याला देऊ. पौर्णिमेच्या आसपासची नोंद मी वेगळी ठेवतो. चांदण्यात बाई बाहेर पडत नाहीत.

वरचं तोंड झकास. पिंजरा खडपावर तिरका बसला तरी वाट मोकळी राहते. जुन्याचं तोंड दगडाला टेकलं की ती रात्र गेलीच. पण नरसाळ्याच्या आतल्या टोकाला तू जाळं मोकळं सोडलं आहेस ना, तिथे मिशा अडकतात. एक हातात घेऊन नीट पाहिली. पाठ काळपट हिरवी, शेपटीवर बारीक पांढरे ठिपके, मिशा अंगाहून लांब, आणि त्यातली उजवी मुळाजवळच तुटलेली. जिवंत माल घेणारा असली शेवंड बाजूला काढतो आणि भाव पाडतो. तिथे गुळगुळीत प्लास्टिकचं कडं बसव.

आता फटीबद्दल, जिच्यावरून होडीत रोज वाद होतो. खालच्या बाजूची आडवी फट लहान शेवंडींना निसटण्यासाठी आहे हे तांडेलाला, आमच्या होडीच्या म्होरक्याला, पटवताना माझी जीभ दुखली. तो म्हणतो, "ह्यो पिंजरो शेवंड धरूक केलंस की सोडूक?" निर्यातीसाठी 2003 पासून केंद्राची वजनाची अट आहे, शेवंडीच्या होमारस जातीला किमान 200 ग्रॅम आणि पॉलिफॅगस जातीला 300. पण फटीला वजन कळत नाही, तिला कळते फक्त पाठीच्या कवचाची उंची. म्हणून प्रत्येक शेवंडीचं वजन आणि कवच, दोन्ही मोजून वहीत मांडतोय. सध्याच्या फटीतून अगदी बारकी तेवढी जातात, अटीच्या जरा खालची आतच राहतात. फट थोडी वाढवायला हवी.

"आपण सोडलंव तर ती दुसऱ्याच्या जाळ्यात गावतली," हे त्याचं दुसरं म्हणणं, आणि ते खोटं नाही. त्यात शेवंडीची पिल्लं पानासारखी पारदर्शक होऊन कित्येक महिने भर समुद्रात तरंगत असतात, तेव्हा आपण सोडलेल्या मादीची पोरं आपल्याच खडपात येतील असंही नाही. तरी मी फट बुजवणार नाही. मुंबईसमोरची चपट्या डोक्याची शेवंड ट्रॉलरांनी एवढी उपसली की 1994 पर्यंत तो धंदाच बसला. तिथेही प्रत्येक जण दुसऱ्याकडेच बोट दाखवत असणार. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस असलेली मादी मात्र तांडेल स्वतःहून पाण्यात सोडतो, त्याला माझ्या वहीची गरज लागत नाही.

सुतळीचं दार हा तुझ्या पिंजऱ्यातला सगळ्यात शहाणा भाग. उधाणात दोरी तुटून पिंजरा तळाशी राहिला, तर नायलॉनचं जाळं वर्षानुवर्षं मासे मारत राहील. आत मेलेलं पुढच्याचं आमिष होतं. तागाची सुतळी काही आठवड्यांत कुजते नि दार उघडतं. फक्त ती दर खेपेला चाचपून बघावी लागते, नाहीतर भरलेला पिंजरा वर ओढतानाच सुटायची.

एक नवी भानगड म्हणजे ऑक्टोपस. वरच्या तोंडातून सहज उतरतो, शेवंड खातो आणि रिकामं कवच ठेवून निघून जातो. यावर उपाय मला सुचलेला नाही, तुझं डोकं चालव.

शिमग्याला येशील तेव्हा दोन पिंजरे आण. कडं बसवलेलं हवं आणि फटीला स्क्रूने वर-खाली होणारी पट्टी, म्हणजे होडीतच माप बदलता येईल. सळी जरा जाड घे. हलका पिंजरा भरतीच्या ओढीने सरकतो. 1 जूनला बंदी लागायच्या आत काही अमावस्या हाताशी राहतील. सळीचे पैसे किती झाले ते कळव, "राहू दे रे" चालणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या