तू टाळ्या वाजवल्यास ती रात्र

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की रूममेटने भिंतीवर विलानोव्हा युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीममधल्या क्रिस जेनकिन्सचा फोटो लावलाय. मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ गप्प बसलो होतो. फिलाडेल्फियात राहायचं म्हणजे विलानोव्हावाले भेटणारच, पण रोज उठून तोच शॉट बघायचा?

4 एप्रिल 2016, सोमवार. चारच दिवसांपूर्वी वानखेडेवर वेस्ट इंडीजने आपल्याला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये हरवलं होतं. तो सिमन्स दोनदा नो-बॉलवर वाचला, ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. निदान कॉलेज बास्केटबॉलच्या फायनलमध्ये आपली नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी तरी जिंकू दे, असं म्हणत बसलो होतो. मॅच ह्यूस्टनला, इकडे मध्यरात्र होत आलेली. तू नऊ वर्षांची, दुसऱ्या दिवशी शाळा, म्हणून आईने तुला केव्हाच झोपवलं होतं.

आपण तीन पॉइंट मागे. आपल्या मार्कस पेजने उडी घेतली, समोरचा अंगावर आला म्हणून हवेतच बॉल खाली घेतला आणि पुन्हा वर नेऊन थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटांचा शॉट, टाकला. आत! 74-74, उरले 4.7 सेकंद. विलानोव्हाने टाइमआउट घेतला. आता ओव्हरटाइम होणार, पोरीने हे बघायलाच हवं, म्हणून मी तुला पांघरुणासकट उचलून सोफ्यावर आणून बसवलं.

आपण निळे, एवढं तुला पक्कं ठाऊक. पण त्या रात्री आपली पोरं पांढऱ्या जर्सीत होती आणि गडद निळ्यात विलानोव्हा. त्यांचा आर्चिडियाकोनो बॉल घेऊन पुढे आला, त्याने मागून धावत येणाऱ्या जेनकिन्सकडे दिला, बझर वाजला, बॉल आत. 77-74. तू झोपेतच टाळ्या वाजवल्यास.

ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्या जेनकिन्सला वाढवलं ते आपल्या नेट ब्रिटच्या आईवडिलांनी. एक पोरगा या बाकावर, एक त्या. मॅच संपल्यावर त्या माउलीने आधी कुणाला जवळ घ्यायचं? तुझी आई म्हणाली, "जो हरला त्याला," आणि दिवा मालवून झोपायला गेली.

2012 मध्ये शेजारच्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या ऑस्टिन रिव्हर्सच्या शेवटच्या थ्रीने 85-84 हरलो, तेव्हा मी स्वतः आपल्या स्टेडियममध्ये, डीन डोममध्ये होतो. ऑफिसातल्या एकाचं जास्तीचं तिकीट होतं. पार्किंगपर्यंत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही. पण ते ड्यूककडून हरणं. भाऊबंदकीतलं भांडण, पुढच्या वर्षी पुन्हा आहेच.

आता खरं सांगतो. 2017 ला गोन्झागाला 71-65 हरवून आपण जिंकलो, ती फायनल मी तुला दाखवली नाही. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आलो आणि तसाच परतलो. तू उठलीस तर हरतील, असं वाटलं. सकाळी तू चिडलीस, तेव्हा "गाढ झोपली होतीस" अशी थाप मारली.

आणि 2022. पाडव्याच्याच दिवशी सेमीफायनलला ड्यूकला 81-77 घरी पाठवलं, त्यांच्या कोच केची ती शेवटची मॅच. असा पाडवा या घराने पाहिला नव्हता. सोमवारी फायनलला कॅन्ससविरुद्ध हाफटाइमला 40-25. मी उरलेलं श्रीखंड वाट्यांत काढलं. आई म्हणाली, "अजून वीस मिनिटं आहेत ना?" मी चमचा तोंडात घालूनच बसलो. मग लीड गळायला लागली आणि मी तुझ्यावर ओरडलो, "उद्या शाळा आहे, जा झोप!" ते शाळेसाठी नव्हतं गं. तू हट्टाने बसून राहिलीस. आधीच दुखावलेल्या घोट्यावर आपला बेकॉट कोसळला, तेव्हा तू माझा हात धरलास, आणि माझ्या मनात काय, तर ही उठून गेली असती तर... 72-69 हरलो. एकदा सोळा पॉइंटांवर गेलेली लीड घालवून फायनल हरलेला दुसरा संघ नाही.

इंजिनिअर माणूस मी. लाज वाटते.

फोटो काढायला सांगू नकोस, असू दे. पाडव्याला जमलं तर घरी ये, त्या सुमारास मॅचेस चालू असतात. सोफ्यावर माझ्या शेजारी बसायचं, शेवटपर्यंत. श्रीखंड यंदा बझर वाजल्यावरच फ्रीजमधून निघेल, असं आईने बजावलंय.

तुझा,
बाबा