ओलाव्याची मोजणी गावातच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हमीभाव खरेदीत सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा साधारणपणे १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, हे योग्यच झाले. परंतु विदर्भातील लहान शेतकऱ्याची खरी अडचण मोजणीची आहे. परतीच्या पावसात कापलेल्या सोयाबीनची गंजी भिजते, थ्रेशरमधून निघालेला दाणा वरून कोरडा दिसतो, शेतकरी तो दाताखाली फोडून अंदाज बांधतो आणि केंद्रावरचे यंत्र वेगळाच आकडा दाखवते. मग भाड्याची गाडी भरलेली परत आणायची, नाहीतर व्यापारी म्हणेल त्या भावाने माल द्यायचा. हा अन्याय थांबलाच पाहिजे.

वाळवायला जागाही नाही. अनेक गावांत डांबरी रस्त्यावरच धान्य पसरतात, जे धोक्याचे आहे. उन्हात तापलेले धान्य थंड न होऊ देता पोत्यात भरले, किंवा पोती थेट फरशीवर रचली, तर ओल धरून बुरशी येते. म्हणून खाली लाकडी फळ्या हव्यात आणि भिंतीपासून अंतर हवे. नीट न वाळलेल्या तुरीला भुंगा लागतो, तो वेगळाच.

माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज देणाऱ्या पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेचा लाभही कोरड्या, स्वच्छ मालालाच मिळतो. तेव्हा प्रत्येक ग्रामपंचायतीत ओलावामापक यंत्र आणि सार्वजनिक वाळवण ओटा सोयाबीनच्या काढणीपूर्वी उपलब्ध करून द्यावा, ही कृषी विभागास विनंती.

आपला,
एक शेतकरी, जि. यवतमाळ