बैल नसले तरी पोळ्यात या

नागपूर, नागपंचमी

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "बैलच नाई राह्यले, त पोयात कायले उभा राहू?" आणि फोन आईकडे दिलात. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. बोलताना मला रडू येईल, म्हणून लिहिते.

सध्या मी बोस्नियातल्या कवींचं वाचते आहे. युरोपातला हा लहानसा देश. १९९२ ते १९९५ तिथे युद्ध झालं, शेजारी शेजाऱ्यावर उठला. साराजेव्हो ही राजधानी जवळजवळ चार वर्षं वेढ्यात होती. ऑगस्ट १९९२ मध्ये तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय तोफांनी पेटवलं, जळलेल्या पानांची राख शहरभर उडत राहिली.

युद्ध थांबलं, पण शब्दांवरची ओढाताण थांबली नाही. आधी एकच मानली जाणारी भाषा आता बोस्नियन, सर्बियन, क्रोएशियन अशा नावांनी वाटली गेली आहे. बाबा, तिथे रोजच्या पावाला कोणी 'ह्ल्येब' म्हणतं, कोणी 'क्रुह', आणि त्या एका शब्दावरून समोरचा कोणत्या बाजूचा असेल याचा अंदाज बांधतात. काही गावांत तर एकाच इमारतीत दोन शाळा भरतात, मुलं वेगळी बसतात, वेगळा इतिहास शिकतात. २०१७ साली अनेक लेखक आणि भाषेचे अभ्यासक पुढे आले. आमची भाषा एकच आहे, ज्याने त्याने तिला हवं ते नाव द्यावं, असं त्यांनी जाहीर केलं. मला हे फार धाडसाचं वाटतं.

मी वाचते त्या कवींतला फारुक शेहिच तुम्हाला आवडेल. गुरांच्या डॉक्टरीचं शिकत होता, युद्ध लागलं आणि बंदूक घ्यावी लागली. पुढे त्याने कविता लिहिल्या, आणि आपल्या लहानपणीच्या उना नदीवर एक पुस्तकही. नदी, मासे, काठावरची झाडं असं एकेक तो आठवून लिहितो. जे उद्ध्वस्त झालं ते त्याला निदान शब्दांत तरी परत हवं आहे.

आपल्या गावावर तोफा पडल्या नाहीत. त्यांचं दुःख आपल्याशी तोलणं मला पटत नाही. तरी वाचताना चौथीतला वर्ग आठवला. मी 'वावर' म्हटलं, तेव्हा मला उभं करून पाच वेळा 'शेत' म्हणायला लावलं होतं. घरी आल्यावर तुम्हीही म्हणालात, "नीट बोलत जाय." त्या दिवसापासून बाहेर कुठे वावर, पऱ्हाटी, ढोरं हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. आता ते शब्द लिहिताना हात थांबतो, इतके ते परके झालेत.

आणि पोळ्यात म्हणायची ती जुळवलेली कवनं, तुमच्या झडत्या! तोरणाखाली तुम्ही एक सुरू केली की पलीकडून उत्तर यायचं, मग तुम्ही तिथल्या तिथे दुसरी जुळवायचे. पिकाचा भाव, सावकार, पाऊस, सगळं त्यात यायचं. त्यातली एकही कुठे लिहिलेली नाही. बैल विकावे लागले, हे खरं. झडत्या तर तुमच्याजवळच आहेत ना? काकांच्या जोडीजवळ उभे राहा, मी बाजूला वही घेऊन बसते.

आई, जातं कोपऱ्यातून काढून ठेव. ज्वारी थोडीच घे, दळताना तुझ्या ओव्या मला लिहून घ्यायच्या आहेत. "मले आता आठवत नाई" म्हणू नकोस, दांडा हातात आला की आठवतील.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने निघते.

तुमची,
माई