गोळ्यांसाठी सत्तर किलोमीटर का जावे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणारी शिक्षिका म्हणून हे पत्र लिहीत आहे. गेल्या दिवाळीनंतर माझ्या अकरावीच्या वर्गातला एक हुशार मुलगा शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागला. प्रत्येक तासाला तो वहीच्या कोऱ्या पानावर तारीख घालायचा, तिच्याखाली पट्टीने रेघ मारायचा आणि पुढे काहीच लिहायचा नाही. अशी सोळा पाने मी मोजली. 'बाई, झोपच येत नाही,' एवढेच तो कसाबसा म्हणाला.

त्याच्या वडिलांची समजूत घालण्यात आठवडा गेला. त्यानंतर ते दोघे सत्तर किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात गेले. तेथील डॉक्टरांनी आस्थेने तपासले, पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि पुन्हा बोलावले. मुलाचा एसटीचा पास गाव ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा, त्यामुळे प्रत्येक खेपेला दोघांचे तिकीट आणि वडिलांची बुडालेली मजुरी असा दुहेरी भुर्दंड बसला. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या वेळी कापसाची वेचणी आली, जाणे राहिले, गोळ्या खंडित झाल्या आणि मार्चच्या परीक्षेला तो बसलाच नाही. या बापाला निष्काळजी म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम १८ मी त्यानंतर मुद्दाम वाचले. मानसिक आजार असलेल्या कोणाही व्यक्तीला, त्यात मुलेही आली, उपचारांसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये आणि ही सेवा राहत्या ठिकाणाजवळ मिळावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वर, सर्व सरकारी रुग्णालयांत कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत, असेही तेच कलम सांगते. आमचे ग्रामीण रुग्णालय कॉलेजपासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. तिथे मधुमेहाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला मिळतात. या मुलाच्या गोळ्या मात्र मिळाल्या नाहीत.

किशोरवयीनांसाठी तेथे 'मैत्री' क्लिनिकची खोली आहे. पण मुले गावोगावच्या एसटीने साडेदहाला उतरतात, अकराला वर्गात बसतात आणि पाचला सुटून परतीच्या गाडीकडे धावतात. ती मोकळी होतात तेव्हा त्या खोलीला कुलूप असते. शिवाय तिचे दार केसपेपरच्या रांगेसमोरच उघडते आणि त्या रांगेत गावातले कोणी ना कोणी उभे असतेच. सतरा वर्षांची मुलगी त्या दारातून आत जाईल, अशी अपेक्षा तरी कशी करावी?

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिथे मराठीतही बोलता येते आणि मी तो क्रमांक प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिते. मात्र दोन खोल्यांच्या घरात, वडिलांच्या फोनवरून, आजी शेजारी बसलेली असताना मनातले बोलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले. आमच्याकडे हे काम एका सहकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून आले. ते सज्जन आहेत, पण भूगोलाचे शिक्षक आहेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. यासाठी नव्या योजनेची घोषणा मी मागत नाही. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांनी ठरलेल्या वारी, पंधरा दिवसांतून एकदा तरी, ग्रामीण रुग्णालयात यावे. त्यांनी सुरू केलेल्या गोळ्या त्यानंतर तिथल्याच औषध खिडकीवर मिळाव्यात. 'मैत्री' क्लिनिक आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी सहापर्यंत उघडे ठेवावे, त्याचे दार रांगेपासून दूर असावे आणि त्या दोन दिवशी परतीची एसटी अर्धा तास उशिरा सोडावी. तो मुलगा यंदा पुन्हा अकरावीत बसला आहे आणि त्याची पुढची तारीख याच महिन्यात आहे.

आपली,
एक शिक्षिका, मराठवाडा